सागाच्या प्लॉटची हद्द दरवेळी वेगळी दाखवते? आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा

इंदूरजवळच्या चोरल, सिमरोल, मानपूर ह्या घाटाच्या पट्ट्यात ज्यांच्या घरची जागा आहे आणि तिच्यावर साग, बांबू, कडेला धावडा-साजा-पळस असं उभं आहे, त्यांच्यापैकी कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन येतं. प्रश्न साधारण असा: "काका, मागच्या वेळी मोबाइल धरून हद्दीवरून फिरलो तर क्षेत्र २.१ हेक्टर आलं, आता कंप्युटरवर काढलं तर २.३७ येतंय, खसऱ्यात (सरकारी जमीन-नोंदीत) २.०२ लिहिलंय, आणि गूगलच्या फोटोवर टाकलं तर एक बाजू सरळ शेजाऱ्याच्या विहिरीतून जाते, ह्यातलं खरं कोणतं?" आणि श्वास न घेता पुढचा प्रश्न, की नवीन फोन घेऊ का.

फोनचं नंतर बघू. इथे चार वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि लोक सगळ्या एकाच "जीपीएस बरोबर नाही" ह्या खात्यात टाकतात, मग कुणी ॲप बदलतं, कुणी मोजणीच्या मशीनवाल्याला बोलावून हजारो रुपये मोजतं, आणि वर्षभराने प्रश्न तिथल्या तिथे. चूक कशी दिसते त्यावरून ती कुठून आली ते बऱ्यापैकी कळतं. तेवढं ओळखलं की अर्धं काम झालं.

आधी एक छोटी तपासणी करा. प्लॉटजवळ अशी एक जागा शोधा जी उघड्यावर आहे, हलत नाही आणि सॅटेलाइट फोटोत स्पष्ट दिसते, म्हणजे विहिरीच्या कठड्याचा कोपरा, सिमेंटच्या टाकीचा कोपरा, रपट्याचं (नाल्यावरच्या बुटक्या पुलाचं) टोक असं काही. झाड नको, फाटक नको (फाटक दर दोन वर्षांनी कुणीतरी सरकवतं). तिथे उभं राहून पॉइंट घ्या, सकाळी एकदा, दुपारी एकदा, दुसऱ्या कुठल्या दिवशी अजून एकदा, आणि तसंच सागाच्या आत एका खुणेच्या झाडापाशीही घ्या. मग सगळे पॉइंट फोटोवर टाका. ठिपके खऱ्या जागेच्या भोवती विखुरले असतील तर ती रिसीव्हरची (म्हणजे फोनमधल्या जीपीएसची) आणि झाडांची भानगड. सगळे एकमेकांच्या जवळ आहेत पण मिळून एका बाजूला सरकलेत, तर ती डेटमची (नकाशाने पृथ्वीचा कोणता गोल आणि कोणतं मूळ धरलंय ती), झोनची (पृथ्वीच्या उभ्या पट्ट्यांपैकी कोणता धरलाय ती) नाहीतर खुद्द फोटोची भानगड. जागा बरोबर पण क्षेत्र फुगलेलं, तर हिशोबाची पद्धत चुकली. आणि तुमचं मोजमाप स्वतःशी जुळतंय पण सरकारी नकाशाच्या आकाराशी जुळत नाही, तर तो प्रश्न मोबाइलचा नाहीच, तो पटवारी हलक्याचा (पटवाऱ्याच्या हद्दीतल्या सरकारी नोंदींचा) आहे.

विखुरलेले ठिपके

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, तिथून सिग्नल खाली पोचेपर्यंत इतका अशक्त झालेला असतो की सागाचं एक मोठं ओलं पानसुद्धा त्याला त्रास देतं, आणि आपल्या सागाची पानं किती मोठी असतात ते सांगायला नको. त्यात खोडांवरून, खडकावरून, ओल्या जमिनीवरून आपटून येणारे सिग्नल वेगळे, ते थोडे उशिरा पोचतात आणि फोनला वाटतं उपग्रह तेवढा लांब आहे. राजवाड्याच्या मागच्या बोळात गणपतीच्या मिरवणुकीचा ताशा ऐकू येतो तेव्हा मिरवणूक नेमकी कुठल्या बाजूला आहे ते सांगता येत नाही ना, तसंच.

मोकळ्या आकाशाखाली साधा फोन ५ मीटरच्या आसपास जागा सांगतो, दाट झाडीत तोच १०-१५ मीटरवर जातो, आणि नाल्याच्या खोलगट भागात अजून वाईट, कारण तिथे आकाशाची एक पट्टीच दिसते आणि जे उपग्रह सापडतात ते सगळे एका ओळीत. उपग्रह संख्येने बरेच दिसतात म्हणून खूश होऊ नका, ते चारी दिशांना पसरलेले हवेत. अजून एक, ॲपमध्ये "अचूकता ३ मीटर" असं जे दिसतं त्याचा अँड्रॉइडमधला अर्थ असा की तुम्ही त्या ३ मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. म्हणजे तीनातल्या एका वेळी तुम्ही वर्तुळाच्या बाहेर. आणि झाडीत तर हा आकडा स्वतःच गोड बोलतो, आपटून आलेला सिग्नल फोनला कळला नाही तर तो ३ दाखवतो आणि असता १२ मीटर लांब.

आमच्याकडे राखणीला असतात ते दादा एकदा माझं हे सगळं तास-दीड तास बघत बसले होते, शेवटी म्हणाले, "भैया, पेड तो वहीं का वहीं है, आपका मोबाइल हिल रहा है." निदान एकदम बरोबर.

उपाय काय, तर पहिला उपाय कॅलेंडर. साग पानगळीचा आहे, मार्च ते मे ह्या काळात तो जवळजवळ उघडा असतो, हद्दीचं काम तेव्हाच करायचं. पावसाळ्यात हिरवंगार छान दिसतं म्हणून ऑगस्टमध्ये मापायला जाणारे लोक मी बघितलेत, पानं भरलेली, वर ओली, आणि मग म्हणतात ॲप बेकार आहे. उन्हाळ्यात ऊन लागतं हे खरं, पण सकाळी सहाला निघून दहापर्यंत काम उरकतं.

दुसरं, चालता चालता ट्रॅक काढू नका. हद्दीवरून फिरून ट्रॅक काढला की फोन दर सेकंदाला नवीन चूक नोंदवतो, रेष वेडीवाकडी होते, परिमिती वाढते. त्यापेक्षा कोपरे ठरवा, प्रत्येक कोपऱ्यावर थांबा, फोन काठीला बांधून डोक्याच्या वर धरा (आपलं शरीर पण सिग्नल अडवतं, छातीशी धरलेला फोन अर्धं आकाश गमावतो) आणि दोन-तीन मिनिटं सरासरी घेऊ द्या. एसडब्ल्यू मॅप्स, क्यूफील्ड ह्या दोन्ही ॲपमध्ये सरासरीची सोय आहे आणि दोन्ही फुकट आहेत. पण एक लक्षात घ्या, सलग अर्धा तास उभं राहून काही फार फायदा होत नाही, कारण उपग्रह तेवढ्यात फारसे हलत नाहीत आणि खोडावरून येणारी चूक तीच राहते. उपग्रहांची मांडणी बदलली पाहिजे. गार्मिनच्या हँडहेल्डच्या माहितीपुस्तकात सरासरीसाठी ४ ते ८ नमुने घ्या आणि दोन नमुन्यांत किमान ९० मिनिटं जाऊ द्या असं सांगितलंय, फोनलाही तेच लागू. सकाळी एक फेरी, डबा खाऊन दुसरी, पुढच्या रविवारी तिसरी, असं केलं की ठिपके खूपच आवरतात.

तिसरं, फोन गरम करून (म्हणजे लोकेशन आधीच चालू करून) आत जा. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो, ती सलग आणि न तुटता ऐकली तरच फोनला तो उपग्रह वापरता येतो. शहरात ही माहिती इंटरनेटवरून मिळते म्हणून काही जाणवत नाही, चोरलच्या उतारावर नेट गेलं की फोनला ती झाडीतून तुटक तुटक ऐकावी लागते आणि मग पाच-दहा मिनिटं नुसतं गोल फिरत बसतं. म्हणून रस्त्यावर नेट असतानाच लोकेशन चालू करा, उघड्यावर दोन-चार मिनिटं थांबा आणि ते बंद न करता आत शिरा. ही माहिती काही तासच चालते, त्यामुळे घरी इंदूरला रामबागेत चालू करून निघालात आणि मध्ये बंद केलं तर उपयोग नाही. आणि बॅटरी सेव्हर बंद करा हो! ट्रॅकमध्ये मध्येच शंभर मीटरची सरळ रेष आली की लोक म्हणतात सिग्नल गेला, बहुतेक वेळा स्क्रीन बंद झाल्यावर फोनने ॲपलाच झोपवलेलं असतं.

आता नवीन फोनचं. घ्यायचाच असेल तर ड्युअल फ्रिक्वेन्सीवाला घ्या, म्हणजे उपग्रहाच्या एल-१ ह्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीसोबत एल-५ पण पकडणारा. एल-५ चा सिग्नल असा बनवलाय की सरळ आलेला आणि आपटून आलेला ह्यांच्यातला फरक रिसीव्हरला जास्त बारकाईने ओळखता येतो, झाडीत फरक पडतो, मी दोन फोन शेजारी शेजारी ठेवून बघितलंय. आपला नाविक (भारताची स्वतःची उपग्रह यंत्रणा) पण एल-५ वर चालतो, आणि २०२३ च्या मे मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून नवीन उपग्रह एल-१ वर पण बोलतात. जीपीएसटेस्ट नावाचं ॲप टाकलं की आपल्या फोनला कोणते उपग्रह कोणत्या फ्रिक्वेन्सीवर मिळतायत ते दिसतं, दुकानातच बघून घ्या, सेल्समनला विचारू नका. पण कुठलाही फोन घेतला तरी झाडीत सेंटिमीटर मिळणार नाहीत, ती अपेक्षाच नको.

रोवरचं, म्हणजे मशीनवाल्यांच्या त्या महागड्या जीपीएस मशीनचं, पण सांगून टाकतो. रोवर खरंच दोन-चार सेंटिमीटरपर्यंत जातो, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्टेशनांकडून (एका जागी कायमच्या बसवलेल्या जीपीएस केंद्रांकडून) करेक्शन घेतो, पण ते करेक्शन मोबाइल नेटवरून येतं आणि आपल्या घाटात नेट नाही, आणि नेट असलं तरी झाडाखाली "फिक्स" (पक्की जागा) टिकत नाही, "फ्लोट" (अजून कच्ची जागा) दाखवत राहतं. मशीनवाला फ्लोटमध्ये घेतलेला पॉइंट देत असेल तर तो तुमच्या फोनपेक्षा बरा असेल, पण ज्याचे पैसे मोजलेत तो नाही. प्रत्येक पॉइंटसमोर फिक्स का फ्लोट हे लिहून मागा. जिथे झाडाखाली कोपरा आहे तिथे उघड्यावर दोन पॉइंट फिक्समध्ये घ्यायचे आणि तिथून टेपने किंवा टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) कोपरा बांधायचा, हीच पद्धत. हातात नुसती टेप असेल तरी चालतं: उघड्यावरच्या दोन खुंट्यांपासून कोपऱ्याची दोन अंतरं मोजा, कागदावर दोन कंस काढा, जिथे छेदतात तिथे कोपरा. कंस दोन ठिकाणी छेदतात हे खरं, पण आपला कोपरा खुंट्यांच्या कुठल्या अंगाला आहे ते आपल्याला माहीत असतंच.

सगळंच सरकलंय

इथे किती सरकलंय ते बघा, अंतरावरूनच कारण कळतं.

शेकडो किलोमीटर सरकलं असेल तर हसा आणि झोन बदला. इंदूरचं रेखांश ७५.८६ च्या आसपास, म्हणजे यूटीएम ह्या नकाशा-पद्धतीचा झोन ४३ उत्तर, क्यूजीआयएसमध्ये (नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये) त्याचा कोड ईपीएसजी ३२६४३. ग्वाल्हेर ७८ अंशांच्या पलीकडे पडतं म्हणून तिथे ४४. तिकडच्या एखाद्या कामाचं टेम्प्लेट उचलून कुणी आपला डेटा ४४ मध्ये टाकला तर चोरलचा साग थेट ६ अंश पूर्वेला, छत्तीसगडमध्ये अचानकमारच्या जंगलाजवळ जाऊन उगवतो. अक्षांश-रेखांश उलटे टाकले तर तो नॉर्वेच्याही वर बर्फाळ समुद्रात. ह्या चुका बऱ्या, लगेच दिसतात.

२०-२५ किलोमीटर सरकलं तर बहुतेक अंश-मिनिटं आणि दशांश ह्यांचा घोळ. २२ अंश ३० मिनिटं म्हणजे २२.५, लोक २२.३० लिहितात, झाला २२ किलोमीटरचा फरक. आणि दशांशानंतर पाच आकडे तरी ठेवा, पाचवा आकडा म्हणजे साधारण १ मीटर, चारच ठेवले तर तुम्ही स्वतःच ११ मीटरचं पाणी घातलंत.

शंभर-सव्वाशे मीटर सरकलं असेल तर ते डेटम. जुन्या टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचे छापील नकाशे) एव्हरेस्ट नावाच्या गोलावर बसवलेल्या आहेत आणि त्यांचं मूळ आपल्याच मध्यप्रदेशात आहे, विदिशा जिल्ह्यात सिरोंजजवळचं कल्याणपूर, जिथून अख्ख्या हिंदुस्तानच्या मोजणीचा हिशोब धरला गेला. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस ८४ ह्या दुसऱ्या डेटमवर. दोघांचे आकडे दिसायला सारखे, जागा वेगळी, आपल्याकडे फरक शंभर मीटरच्या वर जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्व्हे ऑफ इंडियाची ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ वर निघाली, पण वनविभागाच्या किंवा वडिलांच्या कपाटातल्या जुन्या शीटवरून काढलेले कोपरे असतील तर आधी कल्याणपूरचा डेटम सांगून मग रूपांतर करा, हाताने ढकलून फोटोवर बसवू नका, कारण पुढच्या माणसाला काय ढकललं ते कळणार नाही.

आणि ५-१० मीटर सरकलं असेल तर कदाचित तुमचे ठिपके बरोबर आहेत आणि फोटोच सरकलाय. हे लोकांना पटता पटत नाही, कारण फोटो डोळ्यांना दिसतो. गूगल अर्थ प्रोमध्ये जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, घड्याळाचं बटण, ते दाबा आणि त्याच विहिरीच्या कोपऱ्यावर पिन ठेवून वर्षं मागे-पुढे करा. विहीर चालायला लागेल! उपग्रह तिरका बघत असतो, जमिनीच्या चढउताराचा हिशोब थोडा चुकला की घाटाच्या कडेला फोटो सरकतो, सपाट माळव्यात कमी, आपल्या विंध्याच्या उतारावर जास्त. शिवाय झाडाचा शेंडा आणि बुंधा फोटोत एका जागी नसतात. १५ मीटरचा साग आणि उपग्रह २० अंश तिरका असेल तर शेंडा बुंध्यापासून साडेपाच मीटर लांब पडतो. म्हणजे शेंड्यांच्या कडेने रेष ओढून हद्द काढलीत तर अख्खी ओळ शेजाऱ्याकडे गेली किंवा शेजाऱ्याची तुमच्याकडे आली, आणि मग चहाच्या टपरीवर भांडण. फोटोवरून हद्द काढायचीच असेल तर आधी त्या कठड्याच्या पॉइंटवर फोटो किती सरकलाय ते मोजा आणि तेवढं वजा करा, त्या तारखेच्या फोटोसाठीच, दुसऱ्या तारखेला पुन्हा मोजा.

क्षेत्र फुगलं

२.०२ चं २.३७ किंवा २.३८ झालंय? मग मला फाईल न बघता सांगता येईल. तुमची लेयर वेब मर्केटरमध्ये आहे, ईपीएसजी ३८५७, म्हणजे गूगलचा पट मागे लावल्यावर प्रोजेक्ट ज्यात जातं ते. हे प्रोजेक्शन विषुववृत्तापासून लांब जाल तसं सगळं ताणतं, आपल्या अक्षांशावर क्षेत्र सतरा-साडेसतरा टक्के जास्त येतं. युरोपवाल्यांना ह्याहून किती तरी वाईट दिसतं म्हणून त्यांच्या लगेच लक्षात येतं, आपल्याला "असेल बुवा, जुनी मोजणी कमी असेल" असं वाटून आनंद होतो. बांबूचा, सागाचा अंदाज त्या आकड्यावर काढलात तर सतरा टक्के लाकूड हवेत.

क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढताना $ चिन्हाचं एरिया वापरलं तर ते प्रोजेक्टच्या इलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या गोलाव्यावर) मोजतं, ते बरोबर. नुसतं एरिया आणि कंसात जॉमेट्री लिहिलंत तर ते लेयरच्या सपाट प्रोजेक्शनवर मोजतं. लेयर ३८५७ मध्ये असेल तर फुगलेलं उत्तर, ४३२६ मध्ये (नुसत्या अक्षांश-रेखांशात) असेल तर दशांशानंतर पाच शून्यं असलेलं काहीतरी, कारण ते चौरस अंशात आलंय. सोपा मार्ग म्हणजे लेयर ३२६४३ मध्ये एक्स्पोर्ट करून मगच मोजा.

आणि आधीच्या २.१ चं काय? ती साधी हद्दीची चूक. २ हेक्टरचा चौकोनी प्लॉट धरा, बाजू १४० मीटर, घेर ५६० च्या वर. सगळीकडे फक्त ३ मीटर बाहेरून फिरलात (काट्याच्या कुंपणाच्या आतून कोण चालतं) तर ०.१७ हेक्टर वाढलं, आठ टक्के. प्लॉट जितका छोटा आणि लांबट तितकं हे प्रमाण वाढतं, म्हणून नाल्याकाठच्या चिंचोळ्या पट्टीचं क्षेत्र मोबाइलने काढून त्यावर कुणाशी वाद घालू नका.

आकारच जुळत नाही

इथे सगळ्यात जास्त डोकं खर्च होतं आणि सगळ्यात कमी फायदा. पोर्टलवरून खसऱ्याचा नकाशा उतरवला, आपल्या पॉइंटवर टाकला, फिरवला, ताणला, बसतच नाही. बसणार नाही. मूळ कागद जरीब (मोजणीची साखळी) टाकून केलेला, मग कापडावर, मग स्कॅन, मग डिजिटल, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं काही झालेलं. दोन-चार कोपऱ्यांवर ताणून बसवलात तर त्या कोपऱ्यांवर सुंदर दिसेल आणि मध्ये वाट्टेल तसं.

त्याहून साधं कारण, आणि हे आधी तपासा: वाटणी होऊन तुमचा नंबर ११२/२ असा झाला असेल, बटांकन (नंबराची फोड) कागदावर झालं, पण नक्शा तरमीम (नकाशातली दुरुस्ती) झालीच नाही, म्हणजे नकाशात अजून अख्खा ११२ एकच दिसतोय. मग तुम्ही स्वतःच्या पॉइंटांना मोठ्या भावाच्या जमिनीसकट असलेल्या आकारात कोंबताय. माझ्या ओळखीत एका घरी ह्यावरून दोन भाऊ वर्षभर बोलत नव्हते आणि दोघांचंही मोजमाप बरोबर होतं. तरमीमसाठी तहसीलमध्ये अर्ज द्या, ते आधी.

आणि हद्द नेमकी कुठे हा कायद्याचा प्रश्न असेल तर मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या धारा १२९ खाली सीमांकनाचा अर्ज, पटवारी आणि आरआय (राजस्व निरीक्षक) येतील, शेजाऱ्यांना नोटीस जाईल, चांद्यापासून (मोजणीच्या कायमच्या दगडापासून) मोजतील, आता बऱ्याचदा रोवर घेऊनच येतात. तुमच्या फोनच्या पॉइंटला तिथे किंमत शून्य, पण तुमच्याकडे कोपऱ्यांच्या खुणांचे फोटो आणि आकडे असले तर त्या दिवशी कुणी "मुनारा (हद्दीचा खांब) इथे नव्हताच" म्हणू शकत नाही, एवढा उपयोग नक्की. लोक वानिकी अधिनियम २००१ खाली चार्टर्ड फॉरेस्टरकडून प्रबंध योजना करून घ्यायची असेल तरी हद्द आधी सुटलेली हवी, नाहीतर झाडं मोजून झाल्यावर प्रश्न येतो की ही ओळ कुणाची.

झाडं नकाशावर टाकताना

पुढची तक्रार: "प्रत्येक सागाचा पॉइंट घेतला, नंबर दिले, पुढच्या वर्षी तेच झाड सापडत नाही." कसं सापडेल? २ बाय २ मीटरवर लावलेला साग, हेक्टरी २५०० खड्डे, आणि फोन नुसता ५ मीटर चुकला तरी एका पॉइंटच्या आसपास वीसेक झाडं उमेदवार. झाडाला पॉइंट देऊच नका. ब्लॉकचे कोपरे नीट काढा, ओळीच्या सुरुवातीला खोडावर रंगाने ओळ नंबर टाका आणि झाडाचा पत्ता "ओळ १४, झाड ३१" असा ठेवा, मेलेलं झाड पण मोजायचं, नंबर रिकामा ठेवायचा. क्यूजीआयएस कोपऱ्यांमधून ही जाळी स्वतः काढून देतं आणि मग घेर, उंची, कीड, छाटणी सगळं त्या पत्त्यावर टांगता येतं. आपोआप उगवलेलं मिश्र जंगल असेल तर ओळी नाहीत, तिथे फक्त मोठ्या झाडांना पत्र्याचे बिल्ले आणि बाकीच्यांचे छोटे नमुना-प्लॉट, मध्ये लोखंडी खुंटी ठोकून.

सॅटेलाइटवरून झाडं कमी झाल्याचा इशारा फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर लगेच गाडी काढू नका. सेंटिनेल-२ ह्या उपग्रहाच्या फोटोतला एक चौकोन १० मीटरचा, त्यात पानं गळालेला साग आणि कापलेला साग जवळपास सारखा दिसतो. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, डिसेंबरची मार्चशी नको. आगीच्या इशाऱ्याचंही तसंच, आग टिपणाऱ्या व्हीआयआयआरएस ह्या उपग्रहावरच्या यंत्राचा चौकोन ३७५ मीटरचा, ठिपका तुमच्या प्लॉटच्या मध्यावर दिसला तरी जळत असेल पलीकडच्या शेतातली नरवाई (कापणीनंतरचे खुंट). पण ह्यात आळस करू नका, राखणदाराला फोन करून धूर दिसतोय का एवढं विचाराच.

फोटोंचं एक राहिलं. जिओटॅग केलेले फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले की त्यांच्या आतलं लोकेशन निघून जातं, समोरच्याला नुसतं झाडाचं चित्र मिळतं. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, मग टिकतं. जीपीएस मॅप कॅमेरासारखं ॲप फोटोवरच आकडे छापतं ते बरं पडतं, पण छापलेला आकडा पण झाडीतलाच आहे, १०-१५ मीटर धरूनच चाला.

मशीनवाल्याकडून काम करून घेणार असाल तर नुसती पीडीएफ आणि रंगीत नकाशा घेऊन पैसे देऊ नका. एका एजन्सीने आमच्या नातेवाइकांना डीएक्सएफ (नुसत्या रेषांच्या ड्रॉइंगची) फाईल दिली, तिच्यात झोनही नाही, डेटमही नाही, आणि सहा महिन्यांनी फोन केला तर मुलगा नोकरी सोडून गेलेला. साधी सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची फाईल) मागा: पॉइंटचं नाव, अक्षांश, रेखांश, फिक्स का फ्लोट, तारीख, आणि वरच्या ओळीत डेटम आणि झोन लिहून. केएमएल (गूगल अर्थमध्ये उघडते ती फाईल) पण घ्या, ती नेहमी डब्ल्यूजीएस ८४ मध्येच असते त्यामुळे तिच्यात घोळ होत नाही. शेपफाईल दिली तर झिप उघडून आत पीआरजे नावाची फाईल (डेटम-झोन तिच्यात लिहिलेले असतात) आहे का ते त्यांच्यासमोरच बघा, नसेल तर तिथेच करून मागा, आणि मगच बाकीचे पैसे द्या.